जमातीचा रकाना

बाई, या पत्रात मला एकच विधान सिद्ध करायचे आहे: तुमच्या हातावर कोयता चालला त्याला तुमचा नियम कारणीभूत होता, माझे काम नव्हे. हे विधान मी आयुष्यभर मनात बाळगले. आता ते क्रमाने मांडतो.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील त्या बंदराच्या शहरात, रुग्णालयाच्या तळमजल्यावर तुम्ही कर्करोगाची नोंदणी चालवीत होता आणि मी तुमच्या हाताखाली शिकत होतो. प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड, त्यावर जमातीचा रकाना. तुमच्या तक्त्याप्रमाणे डोंगराकडून आलेल्यांना अन्ननलिकेचा कर्करोग अधिक होई, किनाऱ्यावरच्यांना क्वचित. घशातून आत सोडून पाहायची दुर्बीण शहरात एकच. म्हणून घास अडकतो अशी तक्रार घेऊन आलेल्या डोंगरी माणसाला त्याच आठवड्यात तपासायचे आणि किनारी माणसाला थांबवायचे. रकाना आडनावावरून भरायचा. "एकेकाला विचारत बसलास तर रांग रस्त्यावर जाईल," हे तुमचेच शब्द. त्या पद्धतीतला दोष मला पुष्कळ उशिरा दिसला. ज्यांना तपासले नाही त्यांच्यात रोग सापडत नव्हता, आणि सापडत नव्हता म्हणून त्यांना तपासले जात नव्हते. तक्ता स्वतःच स्वतःचा साक्षीदार झाला होता.

आता ती दुपार. तुम्ही डब्यातले थालीपीठ खात कार्डे लावीत आहात. गोदीत हमाली करणारा एक माणूस आत येतो. हातात नारळ फोडायचा लांब कोयता. "माझ्या बायकोचं कार्ड कुठं आहे?" तुम्ही त्याला शांतपणे बसायला सांगता. "ती बसली होती, डाक्तरबाई. तीन महिने बसली. शेवटी पाणीसुद्धा उतरेना. आता मी बसू?" पहिला घाव टेबलावर बसतो, दुसऱ्याने कपाटाचे दार फुटते. तिसरा कार्डांच्या खणावर येतो आणि तुम्ही खण वाचवायला उजवा हात पुढे करता. दोन बोटे कार्डांवर पडतात. तो त्यांच्याकडे पाहतो, कोयता टाकतो आणि जमिनीवर बसकण मारतो. मी कपाटामागे उभा आहे.

तुम्ही हाताला पंचा गुंडाळला आणि मला म्हणालात, "तिचं कार्ड काढ." रक्ताने चिकटलेली कार्डे सोडवत मी ते काढले. रकान्यात माझ्या अक्षरात 'किनारी'. तुम्ही ते वाचून दाखवताच जमिनीवरचा माणूस म्हणाला, "किनारी मी. ती डोंगरातली होती." तुम्ही डाव्या हाताने माझ्या तोंडात मारली. ओठ फुटला. "एवढंही विचारलं नाहीस?" मी म्हणालो, "नियम तुमचा होता, बाई." चौकशीत तुम्ही म्हणालात, "नोंदणी माझी, चूक माझी." तुमची नोकरी गेली. पुण्याला परत जाण्याआधी तुम्ही मला शिफारसपत्र दिलेत, डाव्या हाताने लिहिलेले, लहान मुलासारख्या वाकड्या अक्षरात: 'अत्यंत अचूक.' त्या पत्रावर मी ऑस्ट्रेलियात आलो आणि निवृत्त होईपर्यंत असलेच तक्ते करीत राहिलो.

गेल्या आठवड्यात इथे डार्विन शहरात माझा घास अडकू लागला म्हणून नात मला रुग्णालयात घेऊन गेली. खिडकीतल्या तरुणीने फॉर्म भरताना विचारले, मी इथला आदिवासी आहे का. मला हसू आले. "माझ्याकडे पाहून कळत नाही?" नात पुटपुटली, "आजोबा, प्लीज, जस्ट आन्सर." ती तरुणी मात्र चिडली नाही. "आम्ही सगळ्यांना विचारतो, मेट. बघून कुणाचंच कळत नाही." माझ्यामागे रांग पार दारापर्यंत गेली होती. तिने मान वर करून माझ्या उत्तराची वाट पाहिली.

दुर्बिणीची तारीख टपालाने आली आहे. ती आली त्याच लिफाफ्यात हे पत्र ठेवून देणार आहे, कारण विधान सिद्ध होत नाही. नियम चुकीचा होता हे खरे. पण माझी सुटका व्हायची तर मला काही ठाऊक नव्हते, हेही खरे असावे लागते. ती स्त्री माझ्या खिडकीपुढे उभी होती, घशावर हात ठेवून. मी भरलेले कार्ड तिने पलीकडून उलटे वाचले आणि म्हणाली, "मी किनाऱ्याची नाही, साहेब. माझं माहेर डोंगरात आहे." शाई वाळली होती, आणि खाडाखोड तुम्हाला खपत नसे. मी म्हणालो, "नवऱ्याचं नाव चालतं," आणि पुढच्याला हाक मारली.

तुम्ही विचारलेत तेव्हा मी नियमाचे नाव घेतले. तिने मला सांगितले होते. ही माझी चूक मी मान्य करतो.

सही,
तुमचा विद्यार्थी