दुसऱ्या धारेपर्यंत थांबले

आई, मी एक कॉम्प्युटर जोडला. विकत आणला असं म्हणत नाही, जोडला. एकेक भाग निवडून, वेगवेगळ्या दिवशी घरी आणून, आपल्या पुढच्या खोलीतल्या टेबलावर माझ्या हातांनी. त्यावर मोठे गेम चालतात, अगदी खऱ्यासारखे दिसणारे. तू गेलीस तेव्हा मी दहावीत होते आणि तुझ्याकडे बटणांचा मोबाईल होता, तोही तू गोठ्यात खुंटीला पिशवीत अडकवून ठेवायचीस. त्यामुळे तुला हे कुठून सांगायला लागावं, तेच कळत नाही. मी पदवी घेतली, हे आधी सांगायला हवं. आपल्या घरात पहिल्यांदाच कुणी घेतली. आप्पा अजून येईल त्या पावण्याला सांगतात, "आमची पोरगी कॉम्प्युटरची झालीया," जसं काही मी डॉक्टर किंवा वकील झाले. खरं तर मी एका कारखान्याच्या ऑफिसात दिवसभर बिलं भरते, आणि तिथला कॉम्प्युटर सकाळी चालू होताना म्हाताऱ्या माणसासारखा कण्हतो.

कॉलेजात असताना एकदा मैत्रिणीच्या घरी तिचे दोन चुलतभाऊ गेम खेळत होते. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होते. पडद्यावर एक डोंगर होता आणि त्यावरून धुकं खाली उतरत होतं. त्या धुक्यातून एक वाट जात होती, आणि ती मुलं ज्या दिशेला जातील तिकडे नवी दरी, नवी नदी उघडत होती. कुणीतरी बसून ती नदी तयार केली होती. तिच्यातला उजेडसुद्धा माणसांनी केलेला होता. मला वाटलं, हे इतकं सुंदर आहे आणि याचा कशालाही उपयोग नाही, तरी माणसांनी ते केलं. त्यांनी मला "खेळणार का?" असं विचारलं नाही, आणि मी मागितलंही नाही. पण त्या दिवसापासून मनात होतं की पगार लागला की आपण असं यंत्र जोडायचं. साठवलेल्या पैशात ते एकदाच होणार होतं. एखादा भाग वाईट निघाला असता, तर पुन्हा तेवढं साठेपर्यंत घरातल्या दुसऱ्याच गरजा पुढे आल्या असत्या, आणि मग मी स्वतःलाच सांगितलं असतं की असलं काही आपल्यासारख्यांसाठी नसतं. भीती यंत्र बंद पडण्याची नव्हतीच, या वाक्याची होती.

म्हणून मी महिनोन्महिने वाचलं. एकेक भाग स्वतंत्र चांगला असून चालत नाही, ते एकमेकांना झेपावे लागतात. प्रोसेसर फार ताकदीचा आणि ग्राफिक्स कार्ड दुबळं घेतलं तर पैसे वाया, उलट केलं तरी वाया. कार्ड लांब असेल तर ते पेटीत मावलं पाहिजे, आणि त्याला लागेल तेवढी वीज पॉवर सप्लायला देता आली पाहिजे. राजारामपुरीतल्या दुकानात गेले तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, भावाला पाठवा की. त्याला कळंल."

"मला भाऊ नाही."

"मग घरातलं कोन तरी?"

"मीच घरातली."

तो हसला आणि त्याने एक काचेची पेटी पुढे केली, आतून लाल, निळी, हिरवी दिव्यांची माळ फिरणारी. "लाईटशिवाय मशीन कसलं ओ? पॉवर सप्लाय साधा घालूया, त्यो काय दिसत न्हाई." मला एकदम म्हशींच्या बाजारातली तेल चोपडलेली शिंगं आठवली. तू तसल्या म्हशीजवळ थांबायचीसुद्धा नाहीस. मी साधी काळी पत्र्याची पेटी घेतली, पुढून जाळी असलेली, हवा खेळेल अशी, आणि न दिसणारा पॉवर सप्लाय चांगल्यातला घेतला. मग त्याने काउंटरवर प्रोसेसर काढून ठेवला. क्रीमच्या बिस्किटाएवढा. मी तो कडांनी धरून तळहातावर घेतला आणि तसाच धरून ठेवला. त्याच्या आत, डोळ्याला कधीच दिसणार नाहीत इतके बारीक दरवाजे उघडतात आणि मिटतात, आणि त्या उघडमिटीतून डोंगर होतो, धुकं होतं. मूळ वस्तू म्हणशील तर वाळू, तिच्यातूनच हे काढतात. दुकानदार म्हणाला, "काय झालं, परत ठेवू का?" मी म्हटलं, "नाही, बघत होते."

ग्राफिक्स कार्ड मात्र नवं झेपणारं नव्हतं. ते वापरलेलं घ्यायचं ठरलं. आणि तिथं तू आलीस.

मी तिसरीत आहे. आपण दोघी कुरुंदवाडच्या बाजूला एका मळ्यात म्हैस बघायला गेलोय. म्हशीचा मालक खाटेवरून उठतसुद्धा नाही. "अक्का, मालक कुठं हायत तुमचं? म्हशीचा येव्हार बाईमाणसाचा न्हवं." तू म्हणतेस, "ते भट्टीवर कामाला गेल्यात. धार मी काढणार, मग म्हस बी मीच बघणार की." संध्याकाळी तू स्वतः धार काढतेस. बादली फेसाने वर येते आणि मी टाळ्या वाजवते. मला वाटतं झालं, आता म्हैस घेऊन घरी. तू हात धुतेस, पदराला पुसतेस आणि म्हणतेस, "आता सकाळची बघते. मग बोलू." मला तेव्हा माहीत नव्हतं की विकणारे कधी कधी सकाळची धार काढतच नाहीत, दूध तुंबवून ठेवतात, म्हणजे संध्याकाळी बादली भरलेली दिसते. मालकाला राग येतो. "म्हंजे आमच्यावर इस्वास न्हाई व्हय?" तू इतकी शांत बोलतेस की त्याची बायको तोंडाला पदर लावून हसते: "तुमच्यावर हाय की. म्हशीला इचारते." आपण त्यांच्याच ओसरीवर राहिलो. सकाळी दूध थोडं कमी निघालं, फार नाही. तू म्हशीच्या पाठीवर हात ठेवून क्षणभर उभी राहिलीस आणि मग कासरा हातात घेतलास. ती म्हैस आपल्याकडे किती वर्षं होती, तुला माहीतच आहे.

तर कार्ड विकणारा शिवाजी पेठेतला. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, भिंतीवर तालीम मंडळाच्या फुटबॉल संघाचे फोटो, आणि त्याला आता याहून मोठं कार्ड घ्यायचं होतं. त्याच्या कॉम्प्युटरचं एका बाजूचं झाकण काढलेलं होतं आणि टेबलफॅन थेट आत वारा घालत होता. त्याने एक गेम लावला, फटाफट दाखवला, बंद केला. "बघितलं न्हवं? एकदम ओके." चित्र सुंदर होतं. मी हो म्हणणार होते. पण कार्ड थंड असताना नीट चालतं आणि तापलं की पडद्यावर पट्टे येतात, हेही मी वाचलं होतं.

मी म्हटलं, "झाकण लावा. फॅन बंद करा. आणि परत लावा, भरपूर वेळ."

"ताई, मी काय पळून चाललोय व्हय? पेठेत कुनाला बी इचारा माझं नाव."

मला तुझ्यासारखं उत्तर देता आलं नाही. मी नुसतं म्हटलं, "मी थांबते." आणि खुर्चीवर पाय घट्ट रोवून बसले. तेवढ्यात त्याची आई आतून आली. तिने माझ्याकडे बघितलं, बंद फॅनकडे बघितलं. "कुठल्या गं तुमी?"

"उचगावच्या."

"म्हशी हुत्या का घरात?"

"होत्या."

"वाटलंच मला." ती मुलाकडे वळली. "आरं, बसू दे तिला. माझ्या माहेरात दोन येळची धार बगितल्याबिगर कासऱ्याला हात लावत न्हाईत. लाव झाकण. आनि ह्यो फॅन दे मला सैपाकघरात, भाजून निघालो मी."

"आये, हे काय म्हस हाय व्हय?"

"खातंय तर म्हशीवानी. लाईटबिल बगितलंयस कवा?"

मग चहा आला, नंतर चुरमुऱ्याचा चिवडा. कार्ड चालत राहिलं. मी पेटीच्या मागच्या जाळीपाशी हात धरला. आतून ऊन हवा येत होती, संथ, एका लयीत, जनावराच्या नाकपुडीसमोर हात धरल्यावर येते तशी. पट्टा आला नाही. त्याला गेम नुसता चालू ठेवून बसणं जमेना, तो खेळायला लागला, रागही विसरला. मध्येच त्याने माझ्यापुढे माऊस सरकवला. "तोवर खेळा की ताई." मी हात मागे घेतला. "नको. मी तपासायला आलेय." हे वाक्य माझ्या तोंडून इतकं पटकन बाहेर पडलं की माझं मलाच नवल वाटलं. शेवटी त्याची आई म्हणाली, "आटली न्हाई न्हवं म्हस? मग घेऊन जा." मी कार्ड ओढणीत गुंडाळून बसमध्ये मांडीवर धरून आणलं.

रविवारी सकाळी आप्पांना सुट्टी होती. ते पेपर वाचत असल्यासारखं करून माझ्याकडे बघत होते. मी प्रोसेसर बसवला, त्यावर पंखा, मग रॅम, मग कार्ड. प्रत्येक भागाला त्याच्यापुरती एकच जागा आणि एकच दिशा. इतक्या दूर, एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी केलेल्या वस्तू उचगावात एका टेबलावर एकमेकींत बरोबर बसत होत्या. मला वाटलं, जगात कुणीतरी कुणाचा तरी विचार सतत करत असतं, त्याशिवाय असं बसणार नाही. बटण दाबलं. काहीच झालं नाही. आप्पांनी पेपर खाली केला. मी रॅम काढली, पुन्हा बसवली, टक् आवाज होईपर्यंत दाबली. परत बटण. पंखा फिरला.

"चाललं की गं!" आप्पा म्हणाले, आणि उभेच राहिले.

दुपारपर्यंत बाकीचं सगळं भरून झालं आणि गेम उघडला. आई, समोर गवत आलं. सगळा पडदा भरून, क्षितिजापर्यंत, कमरेएवढं उंच. वारा आला की ते एका बाजूने वाकत येत होतं आणि त्याची प्रत्येक काडी निराळी हलत होती. मी कितीतरी वेळ त्या गवतातच उभी राहिले, पुढे पाऊल टाकलंच नाही. आप्पा मागे येऊन थांबले होते. ते म्हणाले, "एवढं गवात, आनि एक बी म्हस न्हाई?" मग आवाज खाली आणून, "तुझी आई असती तर बिंडा बांधून आणला असता हितनं." आम्ही दोघं हसलो, आणि मग ते तोंड धुवायला मोरीत गेले.

मला तेव्हा ती दुपार आठवली. मी ओसरीवर सागरगोटे खेळत होते आणि तू ओरडलीस, "हात रिकामं दिसलं की खेळ सुचतोय व्हय? जा, पानी आन." मी पाणी आणायला गेले. परत आले तर तू उकिडवी बसून माझे सागरगोटे वर उडवत होतीस. एक वर, बाकीचे मुठीत, वरचा झेलला, मग दोन वर, मग सगळे. शेणाने भरलेला हात, आणि त्यातून एकही खाली पडत नव्हता. हात उलटा करून तू ते हाताच्या पाठीवर झेललेस आणि तुझं तोंड लहान मुलीसारखं उघडं राहिलं होतं. मी घागर घेऊन दारातच थांबले. मला तू कोण आहेस तेच कळेना. मग तुला मी दिसले. सागरगोटे जमिनीवर ठेवून तू उठलीस. "काय बगतीयास? वैरण टाक." पुन्हा कधी तुला तसं बघितलं नाही. कुणी शिकवलं होतं, कधी सोडलंस, मी विचारलं नाही. एरवी तुला बसलेलं बघितल्याचं मला आठवतं ते धारेलाच.

हे पत्र मी त्याच कॉम्प्युटरवर लिहितेय. कुठे पाठवायचं नाहीच. फक्त एक गोष्ट तुला सांगायची राहिली. दुकानदाराला मी म्हटलं, डिझाईनचं काम करायचंय. ऑफिसात म्हटलं, पुढचा कोर्स लावलाय. आप्पांना म्हटलं, घरी बसून जादा काम मिळेल. त्यांना बरं वाटलं, त्यांनी नवीन प्लगपॉइंट काढून दिला. यातलं काही खरं नाही, आई. मी हा कॉम्प्युटर नुसता खेळायला घेतलाय.