तीन जपानी पेन आणि मधलं नाव

दादा, सोन्याच्या निबेचा पेन बघायला गेले होते. नांदेडला, त्याच दुकानात, जिथं मुदखेड स्टेशनातला तुमचा पगार झाला की तुम्ही मला घेऊन जायचात. पेन मागायचात, लिहून बघायचात, निब पुसून परत द्यायचात. घेतला कधीच नाही. दुकानदार म्हणायचे, "बाबूजी, आज तरी घेणार, का माझी शाई संपवून जाणार?" तुम्ही म्हणायचात, "मियाँ, सोनं हाय. सोनं घाईनं घेत न्हाईत." मग पेन माझ्या हातात द्यायचात. "तू लिही, माय. कसा चालतो सांग." मी माझं पूर्ण नाव लिहायची. माझं, मधे तुमचं, बापाचं, मग आडनाव. शाळा चौथीतच सुटली, पण तेवढे तीन शब्द झोकात यायचे.

आता तिथं त्यांचा मुलगा बसतो, मावशीला म्हणावं तसं मला खाला म्हणतो. माझी लेक हैदराबादला नोकरी करते, तिनंच फोनवर सांगितलं, "आई, जपानी बघ. त्यांच्यात साध्या दिसणाऱ्यालाही निब सोन्याची मिळते." त्यानं काचेवर तीन ठेवले, तिन्ही काळे, दिसायला भावंडं. "खाला, दिसण्यावर जाऊ नका, लिहून बघा." पहिला लोण्यासारखा चालतो, जरा दाबलं की रेघ रुंद होते. दुसरा कागदाला किंचित घासतो, पाटीवरच्या पेन्सिलीसारखा. हात कुठं चाललाय ते बोटांना कळतं. तिसऱ्याची निब कडक, पण टोपण असं घट्ट बसतं की महिनोन्महिने पडून राहिला तरी शाई सुकत नाही म्हणे. जपान्यांची बारीक निब आपल्या बारीक निबेपेक्षाही बारीक. अनुस्वाराला छान, शिरोरेघ ओढताना थोडं कोरडं. तुम्ही असता तर यावर तासभर बोलला असता.

मी तिन्हींनी माझं नाव लिहिलं. माझं, मधे मालकांचं, मग सासरचं आडनाव. भूकंपात हे गेले, घर गेलं, तेव्हा तुम्ही रजा टाकून पत्र्याच्या शेडमध्ये माझ्याजवळ राहिलात. रडू नको असं एकदाही म्हणाला नाहीत. जुनी वर्तमानपत्रं आणायचात आणि म्हणायचात, "मोठ्यानं वाच, मला चष्म्याबिगर दिसत न्हाई." चष्मा खिशात असायचा. मी अडखळत वाचायची आणि तुम्ही शेंगा फोडत ऐकायचात. पुढं लातूरला क्लासच्या पोरांची खानावळ चालवली. परीक्षा झाली की पोरं पुस्तकं टाकून जायची, मी ती एकेक करून वाचली, जीवशास्त्रसुद्धा. हृदयाचे कप्पे मला पाठ आहेत, दादा. हे तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवायचं राहिलं.

कागदावर खाली जागा उरली होती. हातातल्या पेनानं मी परत माझं नाव लिहिलं आणि मधे तुमचं घातलं. लग्नानंतर पहिल्यांदा. मधलं नाव बदललं तेव्हा काही वाटलं नव्हतं, सगळ्याच पोरींचं बदलतं. पण तुम्ही गेलात आणि लक्षात आलं, रेशन कार्डावर, बँकेत, माझ्या कुठल्याच कागदावर तुम्ही नाहीत. दुकानदार कागद उलटा वाचत म्हणाला, "खाला, हे दुसऱ्या कुणाचं का?" मी म्हटलं, "न्हाई, माझंच हाय." मग तेच नाव तिन्ही पेनांनी लिहिलं. दुसऱ्यानं सगळ्यांत चांगलं उमटलं.

लेकीला सांगितलं, अजून ठरत नाही, परत जाऊन बघते. त्यानंतर दोनदा जाऊन आले. ती हसते, म्हणते, "एक पेन घ्यायला किती फेऱ्या, आई?"

हे पत्र कुठं टाकायचं नाही, कपाटात साड्यांखाली ठेवीन. पण तुम्हाला सांगते, पेन पहिल्याच दिवशी ठरला होता. घेतला की त्या काचेपुढं उभं राहून तुमचं नाव लिहायला मला निमित्त उरणार नाही, म्हणून घेत नाही.