जिथे लोक सोडून जातात

३ मार्च, सोमवार
पोचले एकदाची. खोली मनासारखी मिळाली. दुसरा मजला, खिडकीतून सकाळचं ऊन थेट गादीवर, आणि टेबल एवढं मोठं की संगणकाचे दोन पडदे मांडूनही चहाच्या कपाला जागा उरते. आधीच्या नोकरीत लग्नांचे व्हिडिओ जोडून जोडून डोळे विटले होते. इथे काम एकाच बाईंचं. सगळे त्यांना मावशी म्हणतात, म्हणून मीही.

मावशी चाळीस वर्षं रफू करतात. खाली पुढच्या खोलीत दुकान आहे. कसर लागलेला कोट, ठिणगीने जळालेली पँट, असलं काहीबाही येतं. त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून धागा उपसायचा आणि भोक असं विणून बुजवायचं की ज्याचा कोट त्यालाही सापडू नये. त्यांच्या भाच्याने वर्षापूर्वी या कामाचं चॅनेल काढलं. चित्रण तो करतो, जोडणी आतापासून मी करायची.

मावशींनी मला बघितल्या बघितल्या माझी बाही उलटी करून शिवण तपासली आणि भाच्याला सांगितलं, पोरगी बरी दिसते, पण तिचा शिंपी चोर आहे. मी हसत सुटले. इथे छान जाणार आहे माझं.

४ मार्च, मंगळवार
भाच्याने काम समजावलं. चॅनेल कसं वाढवायचं यावरचे झाडून सगळे सल्ले त्याने ऐकलेत. रोज दुपारी चारला व्हिडिओ गेलाच पाहिजे. पहिल्या पाच सेकंदांत माणूस धरायचा. आणि मुख्य म्हणजे आलेख बघायचा. लोक कुठल्या सेकंदाला कंटाळून निघून जातात ते त्यात दिसतं. "जिथे लोक सोडून जातात ते कापायचं," तो म्हणाला, "बाकी काही डोकं चालवू नकोस."

मावशी फार थांबतात. सुईत दोरा ओवताना श्वास धरतात, मग सोडतात. वाक्याच्या मध्येच काकांची, म्हणजे त्यांच्या यजमानांची, आठवण काढतात, ते जिवंत असताना कापड उजेडात कसं धरून उभे राहायचे ते सांगतात. लोक नेमके तिथेच जातात. एकवीस मिनिटांची सात केली. श्वास काढले, काका काढले. स्वच्छ झालं.

८ मार्च, शनिवार
बघणारे दुप्पट झाले. भाचा केक घेऊन आला. मावशींनी स्वतःला पडद्यावर बघितलं आणि विचारलं, मी एवढी भरभर बोलते होय?

आज दोरा ओवताना त्यांनी श्वास धरलाच नाही. मी तिथे कापायच्या तयारीत बसले होते म्हणून लक्षात आलं. माझं काम तेवढंच कमी झालं, असं वाटलं.

१३ मार्च, गुरुवार
चहा पिताना मी सहज काकांचा विषय काढला. मावशींनी माझ्याकडे बघितलं, चुकीचा पत्ता विचारणाऱ्याकडे बघावं तसं. कोण काका, म्हणाल्या. मी भिंतीवरच्या काकांच्या फोटोकडे बोट केलं. तो कुणातरी गिऱ्हाइकाचा राहिला असेल, असं म्हणून त्या परत सुईकडे वळल्या.

भाच्याला सांगितलं. तो वाईट माणूस नाही. त्याच दुपारी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की वयाच्या मानाने उत्तम आहेत.

१७ मार्च, सोमवार
खात्री करून घ्यावी म्हणून शनिवारी एक केलं. मावशी सारखा चष्मा पुसतात. एका व्हिडिओत मोजून चौदा वेळा. चौदाही कापले.

आज त्यांच्या काचा धुरकट झाल्या होत्या. त्या तशाच बघत होत्या. चष्मा काढून हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, परत घातला. शेवटी मी घेतला, पुसला, त्यांच्या नाकावर ठेवला. त्यांनी आभार मानले.

मला घाबरायला हवं होतं. अडीच वाजले होते. वर आले आणि चारचा व्हिडिओ जोडायला घेतला.

१९ मार्च, बुधवार
कापलेलं परत जोडावं म्हणून जुनं चित्रण उघडायला गेले. नाही. जागा भरली म्हणून भाच्याने आठवड्यापूर्वीच सगळं पुसलं होतं. जुनं साठवत बसू नये, हाही त्याने ऐकलेला सल्लाच.

मग त्याला बसवून सगळं सांगितलं. हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला,
"असं असेल तर तिचा गुडघाही कापता येईल की. किती विव्हळते उठताना."

मी कापला. उठताना त्या विव्हळतात ते तीन तुकडे.

२० मार्च, गुरुवार
मावशी दोन जिने चढून माझ्या खोलीत आल्या. कठडा न धरता. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, ते लपवत नाही.

२२ मार्च, शनिवार
सुई बोटात गेली. आरपार. मावशी शिवत राहिल्या. गुडघ्याबरोबर बाकीचंही दुखायचं थांबलंय. कोटाच्या अस्तराला डाग पडला.

तेवढं कापू म्हणून आलेख बघितला. लोक तिथे गेले नव्हते. उलट मागे जाऊन पुन्हा बघत होते.

ठेवलं.

२४ मार्च, सोमवार
आता कापायला काही उरत नाही. मावशी सात मिनिटं बोलतात, थांबतात, पापणी न हलवता बसतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात — नमस्कार मंडळी. कॅमेरा नसला तरी. समोर गिऱ्हाईक असलं तरी. पुढ्यात ताट ठेवलं तर जेवत नाहीत. जेवा म्हटलं की जेवतात.

भाचा दारात उभा होता. मला वाटलं रडतोय. मग म्हणाला, चार वाजत आले.

२५ मार्च, मंगळवार
भाचा बाहेर गेलेला. कॅमेरा मीच लावला. मावशींच्या शेजारी बसले, त्यांच्या हातावर माझा उजवा हात ठेवला आणि बोलत राहिले. जे जे कापलं ते सांगितलं. काका, गुडघा, सगळं. मध्येच गप्प बसले. घाई केली नाही. चाळीस मिनिटं.

अडतिसाव्या मिनिटाला त्यांनी श्वास घेतला. लांब. मग —
"कोण गं तू?"

हे त्या सात मिनिटांतलं नव्हतं.

हे असंच घालणार. पूर्ण. एक क्षणही न कापता.

२६ मार्च, बुधवार
चारला घातलं. सव्वाचारपर्यंत अकरा माणसं उरली. मग चार. जाऊ देत.

पाच वाजता मावशींनी चष्मा काढला. फुंकर मारली. पुसला — वाकडातिकडा, पण पुसला. मी जिन्यात बसून राहिले. रडू येईल असं वाटलं, आलं नाही.

साडेपाचला भाच्याने व्हिडिओ काढून टाकला. चिडला नाही. यात चांगला माल आहे म्हणाला, नीट कापायला हवा. दुसऱ्या कुणाला तरी पाठवलाय. त्याला काय सांगितलंस, मी विचारलं.
नेहमीचंच, म्हणाला.

आलेख उघडला. मी जिथे तोंड उघडलं — लोक तिथेच गेलेत.

२७ मार्च, गुरुवार
मावशींना चहा दिला. कप घेतला. कुणी दिला, बघितलं नाही.

आईला फोन लावला. ती हॅलो हॅलो करत राहिली. मी बोलत होते. स्पष्ट बोलत होते — तिने ठेवला.

भाचा माझ्या टेबलाशी येऊन बसला. माझ्या खुर्चीत. मी होते खुर्चीत.

दुपार
नव्या माणसाचा निरोप पडद्यावर आला. शेजारी बसलेल्या बाईचा आवाज काढून टाकला. चेहरा काढला. एक हात राहतोय मावशींच्या हातावर — तोही चारच्या आत काढतो.

पावणेचार.

उजवा आहे तो. लिहितेय तो.

मावशी खाली — नमस्कार मंडळी — परत पहिल्यापासून —

बोटं दिसतात अजून. पेनचं वजन कळत नाही. दुखत नाही काही.

जो कुणी दुकानात येईल त्याने — मावशींना घाई करू नका. त्या थांबल्या तर तुम्ही थांबा. निघून जाऊ नका, त्यांना थोडा