रजेवरचे हेडमास्तर

माय, वाडीहून संघपालचा जयभीम.

तब्येत बरी आहे, डबा वेळेवर येतो. बीपीची गोळी काल तेवढी चुकली, कारण धरमपेठेत तुझ्यावरचा सिनेमा पाहायला गेलो होतो.

माझ्या गोष्टीत तू शाळेत खिचडी शिजवतेस. गावातले बाप जात पाहून पोरांना तुझ्या हातचं खाऊ देत नाहीत. तेव्हा तू डाव घेऊन दारात उभी राहतेस आणि विचारतेस, "भूक पोराले लागली का तुले?" सिनेमात मात्र तू हेडमास्तरांच्या पायाशी बसून रडतेस आणि ते तुला न्याय देतात. त्या दिवशी हेडमास्तर रजेवर होते, हे मी दिग्दर्शकाला तीनदा सांगितलं होतं. "सर, पब्लिकला रडू आलं पाहिजे ना," म्हणाला. पब्लिक रडलंही, मग समोसे खायला गेलं.

आज प्रकाशक मनोहरराव म्हणाले, "सिनेमा चालून राहिला, नवी आवृत्ती काढू. फक्त शेवट बदलून द्या, वाचक हेडमास्तर शोधतील."

"मग त्यांचा रजेचा अर्ज छापा," म्हटलं आणि उठून आलो. आता ते पुस्तक पुन्हा निघणार नाही.

गुडघा कसा आहे? तुझी नात दीक्षा मोबाइलवर सिनेमा दाखवेल. पाहा खुशाल, पण ती बाई म्हणजे तू, असं समजू नकोस.

घरातली प्रत कोणाला वाचायला दिली असशील, तर आजच मागून आण. तू रडली नव्हतीस, हे लिहिलेल्या प्रती आता संपत आल्या आहेत.

तुझ्यावर गेलेला,
संघपाल