दोन फटी

३ फेब्रुवारी
पोहोचलो एकदाचे! म्हातारपणी नोकरी म्हणजे दात पडल्यावर चणे. पण चणे गोड निघाले. रानाच्या कडेला दोन खोल्या, पत्र्यावर शेकरांची धावपळ, समोर आभाळाला टेकलेला बेहडा. त्याच्या बुंध्यात, शिडी पोचेल अशा ढोलीत धनेशाची मादी बसलीय. ती आतून मातीने तोंड लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते. पिल्लं वाढेपर्यंत नराने बाहेरून फळं भरवायची. तो मेला की आतली सगळी उपाशी. माझं काम नराच्या खेपा टिपायचं. साहेबांनी बजावलंय, काहीही होवो, मध्ये पडायचं नाही.
ही म्हणाली, अहो, शिका जरा त्या नराकडून! चाळीस वर्षांत साधं केळं सोलून दिलं नाहीत मला.

१९ फेब्रुवारी
आज नऊ खेपा. ढोलीतून पिसं खाली येतात. मादी आत पंखांची पिसं झाडून टाकते. आता तिला उडता यायचं नाही. हिने एक पीस उचलून अंबाड्यात खोचलं. या वयात हौस बघा!

६ मार्च
तीन दिवस नर नाही. चोच फटीतून बाहेर येते, रिकामी आत जाते. बघवेना. शिडी लावून उंबरं भरवली. चोचीने बोट धरलं, सोडेचना. शिडी हिनेच धरली होती. उतरलो तर हिच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, नशीबवान आहे मेली.

७ मार्च
नर परतला. मादीने त्याची फळं थुंकून टाकली. तो गेला. मला पाहिलं की आतून ठोकते. चुकलंच माझं. आता भरवणं आलं.

१५ मार्च
ही मागच्या खोलीत शिरली आणि दाराच्या फटी आतून ओल्या मातीने लिंपल्या. खिडकीही, हातभर जागा सोडून. म्हटलं, काय हा पोरखेळ? हसली. म्हणाली, केळं सोलून द्या.
दिलं.

२१ मार्च
दाराची माती फोडली. तासाभरात आतून पुन्हा लिंपलेली. मातीत रक्त. पुन्हा फोडायचा धीर होईना. साहेबांना फोन केला. हसून म्हणाले, रुसल्या असतील, समजूत काढा.

२८ मार्च
खिडकीखाली हिचे केस. मुळांसकट. पांढरे, मूठ मूठ.
बोलत नाही आता. ठोकते. तिकडे ती, इकडे ही.

४ एप्रिल
आत ही एकटी नाही. फळ देताना हिच्या हाताखालून दुसरं तोंड आलं. बारीक. डोळे न उघडलेलं. देवा, या वयात हे कुठून—
कितीही दिलं तरी पुरत नाही.

९ एप्रिल
शिडी घसरली. पाय— हाड दिसतंय. फोन घरात, उंच फळीवर. सरपटत खिडकीखाली आलो. उभं राहता येत नाही.

दुपार
बेहड्यातलं ठोकणं थांबलं. खोलीतलं वाढलं. फटीतून हिचा हात खाली लोंबतोय, बोटं पसरून. उंबर आहे माझ्याकडे. पोचत नाही. वीतभर कमी—

ऊन कललं
हात झटक्यात आत गेला.
ही बोलली. इतक्या दिवसांनी. अहो म्हणाली. अहो, फोडा हो आता, त्याला भूक लागलीय, ते मलाच—
दार पलीकडच्या अंगाला. आलो म्हणालो. आलो गं. कोपरावर जातोय, वही तोंडात धर