कुंड भरत चाललंय

३ फेब्रुवारी
पोहोचले एकदाची! तोगोईने ट्रक विवराच्या कड्यावर उभा केला, सामान उतरवलं आणि अकरा दिवसांनी न्यायला येतो म्हणून परत फिरला. तिथून गाढवांबरोबर तळाशी उतरायला अर्धा दिवस गेला. दूरच्या फाया गावात कचेरीत बसून चार वर्षं याच तिबेस्तीच्या डोंगरांचे नकाशे काढले, आज पहिल्यांदा त्यांच्या पोटात आले. वार्दुगूकाका माझे वाटाडे. त्यांची बहीण हावा इथेच तळावरचा पांढरा खार, मिठासारखा सोडा, खणते. तिने बकरीचं दूध आणि खजूर पुढे ठेवले, माझा हातोडा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, हा काय खजुराच्या बिया फोडायला आणलास का गं झेनाबा?

५ फेब्रुवारी
दोन दिवस विवराची भिंत वाचतेय. खाली काळा कातळ. त्यावर पुरुषभर जाडीचा गुलाबी राखेचा थर, नखाने उकरावा इतका मऊ. त्यावर पुन्हा काळा. राखेचा थर तिरपा चढत उत्तरेच्या घळीपर्यंत जातो, आणि घळ थेट वर निघते. रात्री जेवताना काकांना सांगितलं, की फार पूर्वी डोंगराने पोटातलं सगळं ओकलं, आतून पोकळ झाला आणि त्याचं डोकंच आत बसलं. काका म्हणाले, म्हणजे अजून उपाशीच आहे म्हणायचा. हावा हसून लोळली.

६ फेब्रुवारी
खाराच्या खोलगट जागी तीन चिमण्या मेलेल्या. दुपारी एक गाढव तिथे गेलं, गुडघे टेकले, आडवं झालं. ओढून काढेपर्यंत संपलं होतं. काकांनी मला दंडाला धरून मागे खेचलं. तिथे बसलेला माणूस उठत नाही, म्हणाले. मी पेटता कंदील दोरीने खाली सोडला. गुडघ्याच्या उंचीवर ज्योत विझली. जमिनीतून जड वायू पाझरतोय. वास नाही, रंग नाही. वारा असला की उडून जातो. मी आल्यापासून वारा नाही.

७ फेब्रुवारी
सकाळी नऊला जमीन हलली. आम्ही उतरलो ती वाट गेली. राखेचा थर निसटला आणि वरचा काळा कातळ त्यावर येऊन बसला. दुसरी वाट नाही, फोन इथे लागत नाही. पाण्याची एक पखाल आणि जमेल ते घेऊन भिंतीतल्या कपारीत चढलो, तीन माणसं उंच. गाढवांना चढता येईना. संध्याकाळी तळावर कंदील कमरेशी विझला.

८ फेब्रुवारी
उपाय एकच. मऊ राखेत पायऱ्या खोदत तिरपं चढायचं आणि घळ गाठायची. हावाची पहार, माझा हातोडा. नऊ पायऱ्या झाल्या. हावाने काकांना टोमणा मारला, दादा, पहार चालवतोस की तिला थोपटून झोपवतोस? गाढवं तळाशी आडवी पडली आहेत. सगळी.

९ फेब्रुवारी
पाण्याचे चार घोट उरले. तळावर एकच झरा, आणि तिथे दोरीने सोडलेला कंदील आता माझ्या डोक्याच्याही वर विझतो. हावा म्हणाली, श्वास धरून जाते, लहानपणी विहिरीत बुड्या मारायचे मी. काका नको नको म्हणत राहिले. ती गेली. पखाल भरली, खांद्यावर घेतली. मग खाली ठेवली आणि बसली. दमल्यासारखी.
काका ओरडत होते, ‘ऊठ गं आळशे! चहा थंड होतोय!’
चहा नव्हताच.

१० फेब्रुवारी
जाग आली तेव्हा काका कपारीत नव्हते. खाली तिच्या शेजारी बसलेत. हात तिच्या खांद्यावर. दोघांच्या माना खाली.
मी खोदतेय. सोळा पायऱ्या. घळ दिसते.

११ फेब्रुवारी
डोकं ठणकतंय. सतरावी पायरी, आणि पहार काळ्या कातळावर वाजली. राखेचा थर इथेच तुटलाय, धक्क्याने खचलाय. घळ वीस हातांवर. वीसच हात —

१२ फेब्रुवारी
हावाची हाक. खालून. पोरी, उतर की, इथे मोकळं आहे.
असे भास होतात या वायूने. मला ठाऊक आहे. खाली बघायचं नाही.
बघितलं. दोघं तशीच बसलेली. पण तोंडं वर — माझ्याकडे —

१३ फेब्रुवारी
वरून ट्रकचा हॉर्न! तोगोई. धक्का त्यालाही जाणवला असणार, म्हणून लवकर आला. दोर सोडतोय. पण पलीकडच्या कड्यावरून, थेट तळापर्यंत. उतरला तर मरेल.
ओरडले. घशातून आवाज निघत नाही. ओढणी हलवली. तो इकडे बघतच नाही.

त्याने हाक मारून विचारलं, सगळे ठीक आहात ना? मी पहार कातळावर आपटली. पुन्हा. पुन्हा. नको, नको —

त्याला उत्तर मिळालं. हावाच्या आवाजात. तो हसला. आलोच, म्हणाला.
म्हणजे भास नाही. त्यानेही ऐकलं.

अर्ध्यावर आलाय. वायू इथवर चढलाय, बसलं की आगकाडी पेटत नाही, म्हणून उभ्यानेच लिहितेय. तो तिच्याशी बोलतोय, उतरतोय, आता काकांचाही आवाज, आणि तोगोई त्यांना विचारतोय की झेनाबा कुठे आहे, आणि ते दोघं माझ्याकडे बोट —