पांढरी पाचच्याही खाली

उंबरवाडी, आंदर मावळ
१३ जून २०२५

तीर्थरूप गंगाधरमामांस,
राजेश्वरीचा वाकून नमस्कार. तुमच्या डाव्या गुडघ्यापासून लांबूनच करते, तिथे अजून टाके आहेत म्हणे.

डॉक्टरांनी तीन महिने जिना चढू नका म्हटलं आणि तुम्ही चौथ्या दिवशी माळ्यावर चढून रेडिओचे खोके काढलेत, ही बातमी वासंतीमामींकडून पोचली. वाडीत मोबाइलला रेंज नसली तरी प्रदीपच्या दुधाच्या टेम्पोतून चहाड्या व्यवस्थित येतात.

आता कामाचं. आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, स्वरयंत्रावर गाठ निघाली आहे. २१ जुलैला पुण्यात ऑपरेशन. नंतर आवाज राहीलच असं डॉक्टर सांगत नाहीत. त्यांना लग्नातली हळदीची आणि घाण्याची बत्तीस गाणी येतात, आणि ती पुरती येणारं दुसरं माणूस या खोऱ्यात उरलेलं नाही. ऑपरेशनच्या आधी सगळी बत्तीस रेकॉर्ड करायची, एवढाच माझा हट्ट आहे. शाळेत पोरांना शिकवताना मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती याचीच, की यांच्यासाठी मागे काही उरणार नाही.

दिवाळीत तुम्ही निवडून दिलेल्या मागच्या खोलीतच सगळं मांडलं आहे. डोंगर कापून बांधलेली असल्याने तीन बाजूंना माती, बाहेरचा आवाज येत नाही, हे तुमचं म्हणणं खरं ठरलं. पण अमृतच्या जुन्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केलं की गाण्यामागे एक सारखी घूं येते. माइक बदलला, वायर बदलली, पंखा बंद केला. घूं आहेच. चाळीस वर्षं रेल्वेचे टेलिफोन दुरुस्त केलेल्या माणसाने पलंगावरून काही उपाय सांगावा.

आशीर्वाद आहेतच, सोबत उपायही यावा.
तुमची,
राजेश्वरी


लोणावळा
१७ जून २०२५

चि. राजेश्वरीस,
अनेक आशीर्वाद. चहाडीखोर मामीचेही त्यात अर्धे धर.

सोबतचा पेनड्राईव्ह ऐकला. काळजी करू नकोस, हे विजेचं दुखणं आहे. आपल्याकडे विजेची घुरघुर नेहमी एकाच सुरात असते, पेटीवर पांढरी पाच दाबलीस की तिच्या किंचित वर. मी पेटी काढून ताडून पाहिलं, बरोबर तिथेच आहे. तुमच्या घराला अर्थिंग धड नाही, म्हणून ती वीज तुझ्या माइकमध्ये शिरते.

उपाय लिहून घे. खोलीच्या मागे, भिंतीला लागून, पुरुषभर खोल खड्डा करा. तळाशी तांब्याची पट्टी, वर कोळसा आणि जाडं मीठ यांचे थर. पट्टीची तार आत बोर्डापर्यंत आण. आणि रोज दोन बादल्या पाणी त्यात पडलंच पाहिजे, जमीन ओली राहिली तरच वीज खाली उतरते. आमच्या सिग्नलच्या केबिनीत मी हे काम स्वतः करायचो, साहेब लोकांवर विश्वास नव्हता.

तुझ्या सासूबाई कस्तुराबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांनी आवाज जपावा, गुरांवर ओरडायचं काम महिनाभर आमच्या जावयांकडे, अमृतकडे द्यावं.

मामावरचा विश्वास असाच राहो.
गंगाधर


उंबरवाडी
२५ जून २०२५

ती. मामांस,
रोज दोन बादल्या पाणी वाहून कंबर मोडलेल्या भाचीचा नमस्कार.

शेजारच्या हौशीरामआबांनी आणि अमृतने मिळून खड्डा केला. तार आत घेतली आणि घूं निम्म्याने कमी झाली! त्या दिवशी मी घरात सगळ्यांना गुळाचा चहा पाजला. अकरा गाणी झाली आहेत, पेनड्राईव्ह पाकिटात आहे. थोडी घूं अजून शिल्लक आहे, पण जरा वेगळी, जाडसर.

गंमत ऐका. आत्याबाईंना हेडफोन लावला की त्या आधी डोळे मिटून ती घूं ऐकतात आणि मग तोच सूर धरून गातात. म्हणतात, यंत्राचा सूर लय ग्वाड हाय, जात्याला असाच असायचा. मी घूं घालवायला बघते आणि त्या तिच्यावर जीव लावून बसल्या आहेत.

खड्डा मात्र भारी तहानलेला निघाला. दोन बादल्या ओतल्या की क्षणात गडप. परवापासून चार घालतो, त्याही टिकत नाहीत. आबा म्हणाले, एवढं पाणी जातंय कुटं? अमृत म्हणाला, मामांनी सांगितलंय म्हणजे बरोबरच असणार. खोलीचं दार पावसाने फुगलं आहे, खांद्याने ढकलावं लागतं. वाडीच्या खालच्या झऱ्याला गढूळ पाणी येतंय, त्यामुळे बायका वरच्या विहिरीवर जातात. बाकी क्षेम.

माया कमी होऊ देऊ नका, खड्डा तेवढा कमी प्यायला लागू दे.
राजेश्वरी


लोणावळा
३० जून २०२५

चि. राजीस,
उदंड आशीर्वाद आणि कंबरेला बाम.

अगं, खड्डा पाणी पितो ही आनंदाची गोष्ट आहे! जमीन जितकी पाणी ओढेल तितकं अर्थिंग पक्कं. बादल्या वाहायच्या कशाला? पत्र्याच्या पन्हाळीला पाइप जोडा आणि छपराचं सगळं पाणी थेट खड्ड्यात सोडा. पाऊस फुकटचा हमाल आहे.

उरलेली घूं तुमच्या जुन्या डबड्याची असणार. म्हणून वासंतीशी भांडून एक खोका पाठवतो आहे. त्यात कॉम्प्युटरबाहेर ठेवायचं नवं साउंडकार्ड आहे, जास्तीची मेमरी आहे, आणि माझ्याकडचा चांगला माइक. तो अगदी खालचे सूरही टिपतो. त्याच्या पोटावर एक बारकी कळ आहे. जाड आवाज नको असतील तर ती दाबायची, तो गाळून टाकतो. मेमरी बसवताना आधी वायर काढा, अमृतला बजावून सांग.

एक गोष्ट तुला सांगावी की नको, विचार करत होतो. अकरा गाणी ओळीने ऐकली. पहिल्या गाण्यात कस्तुराबाई पांढरी पाचला होत्या, अकराव्यात काळी तीनपर्यंत उतरल्या आहेत. दहा दिवसांत एवढा सूर खाली येणं चांगलं नाही. गाठ वाढत असावी. हे त्यांना सांगू नकोस, पण घाई कर. दिवसाला दोन गाणी घे.

तुझ्या हट्टाला यश येवो.
गंगाधर


उंबरवाडी
८ जुलै २०२५, मंगळवार

ती. मामांस,
तुमच्या खोक्याने उपकृत झालेल्या सगळ्या घराचा नमस्कार.

तुमचं ते वाक्य वाचून मी गोठ्यात जाऊन रडले. मग डोळे पुसून कामाला लागले. एकतीस गाणी झाली, मामा! एकच उरलं, पण ते सगळ्यात मोठं, तेलवणाचं.

नवा माइक म्हणजे कमालच आहे. पण तो लावल्यावर घूं कमी व्हायच्या ऐवजी इतकी स्पष्ट झाली की मी दचकले. तिच्यात अधूनमधून टक् टक् असंही येतं, कोणी आतून बोटाने वाजवावं तसं. तुम्ही सांगितलेली कळ दाबली आणि सगळं साफ. आता हेडफोनमध्ये फक्त आत्याबाई. पन्हाळीचा पाइपही जोडला आहे. एवढा धो धो पाऊस चाललाय, पण खड्डा एकदाही भरलेला नाही.

कळ दाबल्यावर मला वाटलं, आता आत्याबाईंचा सूर हरवणार. तसं काही झालं नाही. परवा दिवसभर वीज नव्हती, कॉम्प्युटर बंद होता. त्या मागच्या खोलीत तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि त्याच सुरात गुणगुणत होत्या. सवय कशी लागते बघा.

दारामागच्या भिंतीला तडा गेलाय, अमृत पावसाळ्यानंतर सिमेंट भरणार आहे. शनिवारी दुपारी शेवटचं गाणं. तेलवणाला झील धरणाऱ्या बायका लागतात, म्हणून वाडीतल्या पंधरा जणींना बोलावलं आहे. पोरंही येणारच. एवढी माणसं त्या खोलीत मावायची कशी, हीच काळजी. एकतीसही गाणी पेनड्राईव्हवर पाठवते आहे, ऐकून कशी झाली ते कळवा, एकतिसावं सर्वांत छान आहे.

शनिवारी आमच्यासाठी देवापुढे दिवा लावा.
राजेश्वरी


लोणावळा
११ जुलै २०२५, शुक्रवार

राजी,
आशीर्वाद मागाहून. आधी हे वाच, आणि उभ्यानेच वाच.

त्या खोलीत कोणीही जायचं नाही. शनिवारचं गाणं रद्द. कस्तुराबाई, पोरं, तू, सगळे घराबाहेर पडा आणि शाळेत जा. कॉम्प्युटर, माइक काही घ्यायला आत जाऊ नका. गुरं सोडा. पन्हाळीचा पाइप बाहेरून ओढून फेकून द्या.

वीज नसताना त्या त्याच सुरात गात होत्या, ही तुझी ओळ मी चार वेळा वाचली. मग पेटी घेऊन बसलो आणि एकतीस गाणी पहिल्यापासून लावली. त्यांचा गळा उतरत नव्हता गं. त्या ऐकू येईल तो सूर धरत होत्या, आणि तो सूरच खाली खाली जात होता. पांढरी पाच, मग काळी तीन, मग पांढरी चार, आणि शेवटी पांढरी तीन. विजेचा सूर चाळीस वर्षांत मी एकदाही उतरलेला ऐकला नाही. लोणावळ्यात असो की दिल्लीत, तो जागचा हलत नाही. अर्थिंग केलं तेव्हाच वीज गेली होती. उरलं ते दुसरंच काहीतरी होतं.

माठावर फुंकर घालून बघ. लहान माठाचा आवाज वर, मोठ्याचा खाली. तुमच्या खोलीखाली पोकळी आहे, तिच्यातून पाणी वाहतंय आणि ती रोज मोठी होते आहे. खड्ड्याचं पाणी तिथे गेलं. झरा त्यानेच गढूळ झाला. दार पावसाने फुगलं नाही, चौकट सरकली. तू मला हे सगळं एकेक करून लिहिलंस आणि मी पलंगावर बसून तुला छपराचं पाणी आत सोडायला सांगितलं. खोलीही मीच निवडली. मला स्वतःची लाज वाटते, पण ती नंतर.

फोन लागत नाही, सकाळपासून चाळीसदा करून झाला. वासंती आत्ता लोकलने कान्ह्याला उतरून हे पाकीट प्रदीपच्या हातात देईल. रस्ता बंद असला तर त्याने चालत यावं, हे मी त्याला विनवतो आहे.

पोरी, माझं ऐक.
गंगाधरमामा


जिल्हा परिषद शाळा, उंबरवाडी
१५ जुलै २०२५, मंगळवार

तीर्थरूप मामांस,
जिवंत असलेल्या आम्हा सर्वांचा नमस्कार.

आधी हे, की कोणालाही काही झालेलं नाही. ओढ्यावरचा पूल पाण्याखाली होता, प्रदीप डोंगरावरून अडीच तास चालत आला. शनिवारी दुपारचा एक वाजला होता, बायका अंगणात जमल्या होत्या, पहिल्या चार आत जाऊन बसल्याही होत्या. मी पत्र वाचलं आणि शाळेत वर्गावर ओरडते तशी ओरडले. आबा कुरकुरले की मामा लांब बसून काय सांगतोय, पण अमृतने त्यांना हाताला धरून काढलं. पावणेतीनला मागची खोली बसली. कोसळली नाही मामा, बसली. जमीन खाली गेली आणि छप्पर जमिनीच्या बरोबरीला आलं. तुमचा माइक आत आहे. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका, आज इथे बावीस माणसं तुमच्या पत्राने श्वास घेताहेत. वासंतीमामींच्या पाया मी समक्ष पडणार आहे.

तेव्हापासून आम्ही शाळेत आहोत. भाताची लावणी अर्धी राहिली आहे, म्हणून कोणी वाडी सोडायला तयार नाही. जायचं ते गेलं, आता धोका टळला, असं सगळे म्हणतात. मीही कालपर्यंत तेच म्हणत होते.

आज सकाळी आत्याबाई म्हणाल्या की सोमवारच्या ऑपरेशनच्या आधी तेलवण निदान वहीत उतरून घे. म्हणून मी शाळेची पेटी काढली. त्या डोळे मिटून बसल्या आणि मी त्यांना सूर द्यायला पांढरी तीन दाबली. त्यांनी मान हलवली, खाली म्हणाल्या. दोन दाबली. अजून खाली. पांढरी एक झाली, मग मी खालच्या सप्तकात गेले आणि एकेक पट्टी उतरत राहिले. पोरं खिदळत होती. जिथे पेटीचा आवाज नुसता भात्यासारखा येतो, अगदी डावीकडच्या पट्टीजवळ, तिथे त्यांनी हात वर केला. एवढा खालचा सूर माझ्या गळ्यात मावायचा न्हाई, पण हाच त्यो, असं म्हणाल्या.

मी विचारलं, कॉम्प्युटर नाही, हेडफोन नाही, मग हा सूर घेताय कुठून? तर म्हणाल्या, कालधरनं लागलाय की, तुला न्हाई का ऐकू येत?

मी चप्पल काढून फरशीवर उभी राहिले. तळव्यांना कळला.

मामा, मोठ्या माठाचा आवाज खाली. तुम्ही लिहिलंय ते मला पाठ आहे. हा खोलीएवढा माठ नाही. शाळेपासून आमचं घर दीडशे पावलांवर आहे आणि मधे सगळी वाडी आहे.

अमृत घराघरात सांगत सुटलाय. आधी पोरं, मग म्हातारी माणसं, लावणी गेली उडत. आबांना आज कोणी ओढावं लागलं नाही, ते फरशीला हात लावून आले आणि आपणहून पुढे झाले. प्रदीपला हे पाकीट देऊन सगळ्यांच्या पुढे धाडते आहे, त्याचे पाय तरणे आहेत. आम्ही मागून डोंगरवाटेनेच येतो आहोत, दुसरी वाट नाही. चालायला निघालो तरी आत्याबाई तोच सूर वरच्या सप्तकात गुणगुणताहेत. मी त्यांना गप्प राहा म्हणत नाही. त्यांचा सूर थांबला की बदलला, ते मला ऐकत राहायचं आहे.

एकतीस गाणी तुमच्याकडे आहेत. पेनड्राईव्ह कोरड्या जागी ठेवा.

आम्ही येतोच आहोत. तोवर जीव आमच्यात ठेवा.
तुमची,
राजेश्वरी